मुंबईचे उंदीर आणि जीवगणित

दहावीचा निकाल लागला की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक लहानशी फाळणी होते. गणित घेणारे एका बाजूला, जीवशास्त्र घेणारे दुसऱ्या बाजूला. ज्याला आकडे आवडतात त्याने इंजिनियर व्हावे, ज्याला झुरळाचे पोट फाडताना शिसारी येत नाही त्याने डॉक्टर व्हावे, असा हा सरळ हिशेब. एखाद्या मुलाने दोन्ही विषय घेतलेच, तर त्याचे कौतुक होण्याऐवजी "अजून काही ठरत नाही बुवा त्याचं," असे म्हणून आईबाप पाहुण्यांसमोर विषय बदलतात.

वाचकहो, या दोन्ही विषयांचा संसार जेथे एकाच छपराखाली चालतो अशा प्रयोगशाळा आपल्या देशात आहेत, आणि तेथे पदवीच्या वर्गातील मुलामुलींनाही दोन-दोन महिने काम करावयास मिळते, ही गोष्ट फारच थोड्या घरांतून ठाऊक असते. या शास्त्राला इंग्रजीत बायोमॅथेमॅटिक्स म्हणतात. मराठीत कोणी जैवगणित म्हणतात, कोणी गणिती जीवशास्त्र. मी आपली जीवगणित म्हणते. बीजगणिताच्या शेजारी तो शब्द जरा घरच्यासारखा वाटतो.

मराठीच्या बाईने या भानगडीत का पडावे, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यासक्रम आता चार वर्षांचाही करता येतो, आणि पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधन करून पदवी घेता येते. त्यासाठी आमच्या कॉलेजात एक समिती नेमली गेली. भाषेच्या विभागाला काम कमी असते असा एक गोड समज सर्वत्र असल्यामुळे त्या समितीवर माझी वर्णी लागली. मुलांचे अर्ज वाचायचे, वाक्ये दुरुस्त करायची आणि पालक आले तर त्यांच्याशी बोलायचे, एवढे माझ्याकडे. अर्ज शंभर वाचले तर नव्वद एकाच साच्यातून काढलेले असतात. "लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड आहे," हे वाक्य इतक्यांदा वाचले आहे की आता ते दिसले की डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात.

गेल्या वर्षी गणित घेऊन बी.एस्सी. करणारी आमची एक विद्यार्थिनी पुण्यातल्या एका विद्यापीठातील जीवगणिताच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचे दोन महिने निवडली गेली. पत्र आले त्याच्या चौथ्या दिवशी तिचे वडील मला भेटावयास आले. सोलापूरकडचे गृहस्थ, बँकेत हेड कॅशियर. बोलणे मोजके, खिशाला दोन पेने. त्याच दोन महिन्यांत बँकेच्या परीक्षेचा क्लास त्यांनी मुलीसाठी ठरवला होता. फी भरून झाली होती, आणि ती परत मिळणार नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "ती हुशार आहे हे मला माहीत आहे. पण दोन महिने तिथे जाऊन ती नेमकं काय करणार? आणि ते करून पुढे काय?"

हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत. आपल्याकडे हुशार मुलांच्या बापांना असे प्रश्न विचारल्याबद्दल अडाणी ठरवण्याची एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. फी त्यांनी भरलेली असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या प्लेगपासून सुरू होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, पुढे तो पुण्यास गेला, १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले त्यातच गेल्या आणि जूनमध्ये रँडचा खून झाला, हा इतिहास आपण शाळेत वाचला आहे. पण प्लेग तेवढ्यावर थांबला नाही. पुढे कितीतरी वर्षे तो दर हिवाळ्यात मुंबईत डोके वर काढी आणि उन्हाचा कडाका वाढला की ओसरे. आठवड्याला किती माणसे दगावली याचे आकडे त्या काळात नेमाने टिपून ठेवले जात. त्यांपैकी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांचे आकडे पुढे साता समुद्रांपलीकडे एडिंबरोला गेले आणि जगातील सर्वांत नामांकित आकड्यांपैकी एक होऊन बसले.

एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेत तेव्हा दोन माणसे होती. एक अँडरसन मॅकेंड्रिक. हा वैद्य, हिंदुस्थानात सरकारी वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेला, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक राहिलेला, आणि गणित स्वतःच शिकलेला. तरुणपणी १९०१ साली तो रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला होता. हे रॉस म्हणजे १८९७ साली सिकंदराबादेस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहणारे. रॉसनी पुढे गणिताने असे दाखवून दिले की मलेरिया घालवण्यास शेवटचा डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की पुरते. गणिताचे हे वेड मॅकेंड्रिकला तेथूनच लागले.

दुसरा विल्यम कर्मॅक. हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोग करताना स्फोट झाला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याचे दोन्ही डोळे गेले. प्रयोगशाळेने त्याला सोडले नाही, आणि त्याने प्रयोगशाळेला. दुसऱ्यांनी वाचून दाखवावे आणि त्याने मनात गणिते करावीत, असा क्रम सुरू झाला. डोळे गेल्यानंतर तीनच वर्षांनी, १९२७ साली, या दोघांनी साथीच्या रोगांच्या गणितावर तो निबंध लिहिला, ज्याच्यावर त्या शास्त्राची इमारत आजही उभी आहे. त्यात एकच साथ उदाहरणादाखल घेतली होती, ती मुंबईची.

त्यांची कल्पना समजण्यास गणित लागत नाही, चाळ पुरते. चाळीत एखादी चटकदार बातमी आली आहे असे समजा. ज्यांच्या कानावर ती अजून गेली नाही त्यांचा एक गट. जे ती ऐकून दुसऱ्याला सांगत सुटले आहेत त्यांचा दुसरा. आणि सांगून सांगून ज्यांचा उत्साह संपला त्यांचा तिसरा. सुरुवातीस पहिला गट मोठा, म्हणून बातमी वणव्यासारखी पसरते. पण सांगणाऱ्याला हळूहळू नवा श्रोताच मिळेनासा होतो. ज्याला सांगावे तो म्हणतो, "माहीत आहे हो!" मग बातमी आपोआप विझते. मौज अशी की ती विझते तेव्हाही चाळीत एखाददुसरे बिऱ्हाड असे उरतेच की ज्याला काहीच कळलेले नसते. साथही अशीच ओसरते. सगळे आजारी पडून संपले म्हणून ती थांबत नाही. रोग्याला नवे माणूस भेटण्याची शक्यता एका उंबरठ्याखाली जाते, म्हणून थांबते.

२०२० साली आपण सगळे घरात कोंडून बसलो होतो तेव्हा टी. व्ही. वर रोज जो 'आर-नॉट' नावाचा आकडा कानी पडत होता, तो याच घराण्यातला. एक रोगी सरासरी तीन जणांना लागण करीत असेल, तर दोन-तृतीयांश लोकांना कोणत्यातरी मार्गाने प्रतिकारशक्ती आली की साथ माघार घेऊ लागते. तीनांतले दोघे सुरक्षित असले म्हणजे एका रोग्यामागे सरासरी एकच नवा रोगी निघतो, त्याहून जास्त नाही. हिशेब तिसरीच्या मुलाचा आहे. अवघड आहे ते तो तीनाचा आकडा कोठून आणायचा, हे.

आमच्या विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी मिळाला तो मुंबईच्या त्या एकतीस आकड्यांचा कागद.

प्रयोगशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परीक्षानळ्या, बर्नर आणि नाकात जाणारा तो विशिष्ट वास येतो. तसले तेथे काही नाही. चार-पाच संगणक, भिंतभर पांढरा फळा, त्यावर तीन रंगांत लिहिलेली समीकरणे आणि एका कोपऱ्यात "पुसू नये" अशी सूचना. चहाची किटली. शेजारच्या खोलीत मात्र खरे जीवशास्त्रज्ञ बसतात. त्यांच्याकडे माशा, बुरशी, वगैरे. दोन्ही खोल्यांतली माणसे दुपारी एकत्र जेवतात, आणि माझ्या समजुतीप्रमाणे निम्मे संशोधन त्या जेवणातच होते. गणितवाला विचारतो, "तुमची माशी किती दिवस जगते?" जीवशास्त्रवाला म्हणतो, "ते हवेवर आहे." आणि गणितवाल्याच्या समीकरणात एक नवे अक्षर वाढते.

मुलीने ते एकतीस आकडे संगणकात भरले, कर्मॅक-मॅकेंड्रिकचे सूत्र लावले आणि संध्याकाळपर्यंत तिची रेघ आकड्यांवर अशी नेमकी बसली की तिला स्वतःचाच हेवा वाटला. आठवड्याचे मृत्यू वाढत वाढत नऊशेच्या घरात जातात आणि तसेच, घंटेच्या आकाराने, खाली येतात. रेघ आणि ठिपके हातात हात घालून चाललेले. ती ते घेऊन सरांकडे गेली. सरांनी चष्मा वर केला, चित्र पाहिले आणि एवढेच विचारले, "छान. पण यात उंदीर कुठे आहेत?"

उंदीर कोठेच नव्हते. सूत्रात फक्त माणसे होती. एका माणसाने दुसऱ्याला द्यावा तसा प्लेग पसरत होता. पण गाठीचा प्लेग मुख्यतः तसा पसरत नाही. आपल्या पणज्यांना हे ठाऊक होते. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत महाराष्ट्रात होती. आधी उंदीर मरतात, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा भुकेने माणसाकडे वळतात, मग माणसे. परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, तेथे काम करणाऱ्या प्लेग कमिशनने १९०५ नंतरच्या वर्षांत हेच शास्त्रीय रीतीने सिद्ध केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग नावाचे प्राणी सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा जमतात हे मोजण्याचा उद्योग त्या मंडळींनी मुंबईत केला. शिवाय पिसवांना हवामान लागते. उन्हाळा तापला की त्यांचे काही चालत नाही, आणि म्हणूनच साथ दर वर्षी त्याच सुमारास ओसरे. म्हणजे ती ओसरण्याचे कारण 'नवा श्रोता मिळेना' हे होते, की 'ऊन वाढले' हे? रेघ दोन्ही कारणांनी तशीच खाली येते!

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे कळत नव्हते असे नाही. उंदरांचा मुद्दा त्यांनी आपल्या निबंधातच नोंदवून ठेवला आहे. पण पुढे पाठ्यपुस्तकांतून ते चित्र फिरत राहिले आणि खालचा इशारा गळून पडला. जुन्या ग्रंथांचे असे होते हे आम्हा भाषेच्या लोकांना नवे नाही. ओवी पाठ होते, संदर्भ हरवतो. २०१२ साली निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हे प्रकरण पुन्हा उघडले आणि ऋतू, उंदीर, पिसवा घेऊन ते गणित मांडून दाखवले.

मुलीचे पुढचे सहा आठवडे उंदरांत गेले. उंदरांचे एक समीकरण, पिसवांचे एक, ऋतूंचे एक. तिची पहिली सुंदर रेघ मोडली ती मोडलीच. नव्या समीकरणांत इतके अज्ञात आकडे शिरले की त्यांतला कोणताही थोडा इकडेतिकडे केला की चित्र पालटायचे. सरांनी तिला बजावले होते की पुरेशी अक्षरे हाताशी असली की कोणतीही रेघ कोणत्याही ठिपक्यांवर बसवता येते, म्हणून प्रत्येक आकडा कोठून आणला ते वहीत लिहायचे. "मॅडम, मी आठवडाभर फक्त पिसू किती दिवस जगते हे शोधत होते," असे तिने मला फोनवर सांगितले. आवाजात तक्रार होती आणि थोडा दिमाखही.

आता तिच्या वडिलांविषयी. क्लासवाल्यांनी फी परत केली नाहीच. पुढच्या तुकडीत बसू देण्याचे मात्र कबूल केले, आणि तेवढ्यावर घरात तह झाला. आईची शंका वेगळी होती. "तिथे उंदरांवर प्रयोग करायला लावत नाहीत ना?" कागदावरचे उंदीर आहेत हे कळल्यावर त्यांनी चकल्यांचा डबा भरला. पाचव्या आठवड्यात मुलीला भेटावयास ते दोघे निघाले तेव्हा मीही बरोबर गेले. मुलीने वडिलांना फळ्यावरची समीकरणे समजावून दिली. ते मान हलवीत होते, पण त्यांचे लक्ष टेबलावरच्या त्या एकतीस आकड्यांच्या कागदावर होते. त्यांनी तो उचलला आणि कॅशियर ज्या नजरेने पाहतो त्या नजरेने वरून खाली पाहिला.

"हे दर आठवड्याचे आकडे कोणी लिहून ठेवले?" त्यांनी विचारले.

"तेव्हाच्या कारकुनांनी," सर म्हणाले.

"एकही आठवडा चुकलेला नाही," ते म्हणाले. "लोक गाव सोडून पळत असतील तेव्हा. आणि हा माणूस रोज कामावर येत होता."

नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्या कारकुनाचे नाव कोणत्याही शोधनिबंधात नाही, हे खरे. जीवगणिताच्या प्रयोगशाळेला लागणारा कच्चा माल असा कोणीतरी इमानाने लिहिलेल्या वह्यांतूनच येतो. दवाखान्यातल्या, पालिकेतल्या, हवामानखात्यातल्या. त्या नसतील तर फळ्यावरच्या समीकरणांना चित्रापलीकडे किंमत नाही.

हे शास्त्र आपल्या मातीला परके नाही, हेही सांगितले पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. संस्कृतच्या अभ्यासकांना ते भर्तृहरीच्या सुभाषितांचे काटेकोर संपादक म्हणून ठाऊक. पण गोव्यात जन्मलेले कोसंबी पेशाने गणिताचे प्राध्यापक होते, आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत असताना, १९४४ साली, त्यांनी आनुवंशशास्त्राला एक सूत्र दिले. जनुके गुणसूत्रावर ओळीने असतात, जशी पुणे-मुंबई मार्गावर स्टेशने. आईबापांकडून मुलाकडे जाताना ही ओळ मध्येच तुटते आणि जोडली जाते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट वारंवार. तेव्हा ताटातूट मोजली की अंतर कळावे. पण दोघांच्या मध्ये दोनदा तुटले तर ती पुन्हा एकत्र दिसतात आणि हिशेब चुकतो. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर पहिला उपाय सुचवला होता. त्यात एक तूट दुसरीला विचारीत नाही असे गृहीत होते. वस्तुतः एका ठिकाणी तुटले की लगतच पुन्हा तुटण्याचा संभव कमी होतो. कोसंबींनी ते ध्यानात घेऊन सूत्र सुधारले. आज भाताच्या किंवा गव्हाच्या जनुकांचा नकाशा काढावयास बसलेला विद्यार्थी संगणकाला अंतर विचारतो, तेव्हा संगणक उलट विचारतो: हॉल्डेन, की कोसंबी?

हे हॉल्डेनही पुढे आपलेच झाले. १९५७ साली ते पत्नी हेलन स्पर्वे यांच्यासह इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, अंगात सदरा-पायजमा घालू लागले, आणि १९६४ च्या डिसेंबरात भुवनेश्वर येथे निवर्तले. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि त्यानंतर ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केला होता. विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती! (हे वाक्य मी आमच्या समितीत मुद्दाम दोनदा म्हणून दाखवते.) तरुण मंडळींकडून त्यांनी जे करून घेतले ते आजच्या विद्यार्थ्यांनी पाहण्यासारखे आहे. महागडी यंत्रे नाहीत म्हणून रडायचे नाही. डोळे आहेत, पाटी आहे, मोजा. सुबोध कुमार रॉय यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. सकाळी अंगणात सडा पडतो तो आपण वेचतो आणि देवाला वाहतो. पाकळ्या सगळ्या फुलांना सारख्या नसतात हे किती जणांनी पाहिले आहे? कृष्ण द्रोणमराजू या तरुणाने घाणेरीच्या झुडपापाशी बसून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगाच्या फुलावर जाते ते टिपले. टी. ए. डेव्हिस यांनी नारळाच्या झाडांची पाने डाव्या फेऱ्याने येतात की उजव्या, हे मोजले. आणि सुरेश जयकर यांनी हेलन स्पर्वे यांच्याबरोबर माळटिटवीच्या घरट्यांचा अभ्यास केला. याच जयकरांनी १९६३ साली हॉल्डेन यांच्यासह एक निबंध लिहिला: एखादे साल जनुकाच्या एका रूपाला धार्जिणे, पुढचे दुसऱ्याला, अशा लहरी परिस्थितीत दोन्ही रूपे कशी टिकून राहतात, याचे गणित. पावसावर जगणाऱ्या देशात हा प्रश्न सुचणे साहजिकच होते.

असो. आजच्या मुलामुलींना दार कोठे आहे, ते सांगते. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची तिसरी अकादमी, या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अवधी दोन महिन्यांचा. प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळते. विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही अर्ज करता येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा स्वतःचा उन्हाळी कार्यक्रम आहे. पुण्याची आयसर ही संस्था २००६ साली निघाली. तेथे गणित आणि जीवशास्त्र एकाच आवारात नांदतात. आणि याशिवाय जुना, बिनखर्चाचा मार्ग म्हणजे प्राध्यापकांना थेट पत्र लिहिणे. दहांपैकी आठ पत्रांना उत्तर येत नाही, हे धरून चालावे. परदेशी भाचे-भाचे असणाऱ्यांसाठी एक खुलासा: अमेरिकेत सरकारी मदतीने चालणारे पदवी विद्यार्थ्यांचे उन्हाळी संशोधन-कार्यक्रम मुख्यतः तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच खुले असतात. तेथे जन्मलेल्या भाचीला ते चालतील. येथून जाऊ पाहणाऱ्या चिरंजीवांना नाही.

तयारी काय लागते? कलनशास्त्र आणि संभाव्यता पक्की हवी. संगणकाची एखादी भाषा हवी. हल्ली पायथन चालते, आणि नाव अजगराचे असले तरी ती फारशी गिळत नाही. जीवशास्त्र बारावीपर्यंतचे असले तरी भागते, मात्र शेजारच्या खोलीतल्या माणसाला प्रश्न विचारण्याची लाज असता कामा नये. आमच्या मुलीने बारावीनंतर जीवशास्त्राला हात लावला नव्हता.

एक धोका मात्र पालकांनी ओळखावा. मुलांच्या या ओढीवर दुकाने थाटलेली आहेत. दोन-चार हजार रुपये घेऊन 'संशोधन प्रशिक्षणा'चे प्रमाणपत्र घरपोच देणारे आहेत. पैसे घेऊन कोणताही निबंध छापणारी मासिके आहेत. चांगल्या प्रयोगशाळेची खूण अशी की ती विद्यार्थ्याकडे फी मागत नाही, आणि दोन महिन्यांत निबंध छापून देण्याचे वचनही देत नाही. दोन महिन्यांत एक प्रश्न नीट समजला तरी पुष्कळ झाले.

राहिला वडिलांचा दुसरा प्रश्न: पुढे काय? येथे गोड बोलण्यात अर्थ नाही. या वाटेने जाणाऱ्याला बहुधा एम.एस्सी. करावी लागते, त्यापुढे पाच-सहा वर्षांची पीएच.डी.; तोवर शाळेतले सोबती कमावते होऊन त्यांची घरे झालेली असतात. विद्यावेतनावर एकटे पोट भरते, घर चालत नाही. औषध कंपन्या, बियाण्यांच्या कंपन्या, सार्वजनिक आरोग्याच्या संस्था येथे अशा माणसांना काम मिळते. विमा कंपन्यांनाही माणसे किती जगतात हे मोजणारे लागतात. पण रांगेत उभे राहिले की नोकरी, असा हा मार्ग नव्हे. ज्या घरात धाकटी भावंडे शिकायची आहेत, त्या घराने हा विचार केला तर त्यात कोतेपणा कसला? तरीही माझे मत विचाराल तर दोन महिने जाऊ द्यावे. क्लास पुढच्या तुकडीतही असतो. मुलीला हे जमते की नाही हे आपण घरी बसून ठरवण्यापेक्षा तिने फळ्यासमोर उभे राहून ठरवलेले बरे.

आमच्या मुलीने बँकेची परीक्षाही दिली. निकाल यावयाचा आहे. चौथ्या वर्षाच्या संशोधनाला तिने उंदीरच घेतले आहेत.

शेवटी अर्जाविषयी, कारण तो भाग माझ्या अखत्यारीतला. अकादमींच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज बहुधा थंडीच्या तोंडाशी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच मागवले जातात, तेव्हा फराळ आटोपल्यावर मुलांना बसवावे. त्यात आपल्याला काय करावेसे वाटते ते थोडक्या शब्दांत लिहायचे असते. मुलीने पहिला मसुदा इंग्रजीत आणला होता. त्यात 'विज्ञानाची आवड' होती, 'राष्ट्रउभारणी' होती, ती स्वतः कोठे नव्हती. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटले, आधी मराठीत सांग, तुला कोणता प्रश्न पडतो? तिने जरा विचार करून लिहिले: "आमच्या इमारतीत चार मजले आहेत. गेल्या पावसाळ्यात डेंग्यू पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावर झाला, तिसऱ्यावर झाला नाही, आणि चौथ्यावर पुन्हा झाला. पाण्याच्या टाक्या गच्चीवर आहेत. मला हे मोजून पाहायचे आहे." त्याचे इंग्रजी आम्ही दोघींनी मिळून केले. राष्ट्रउभारणीला जागा उरली नाही.